नटनट्यांचा सोयरा

मुंबईत कुणा नटनटीचा काडीमोड झाला की आमच्या शेतकी ऑफिसातला एक माणूस डोक्यावरून आंघोळ करून कामावर यायचा. केस ओले, कपाळ मोकळं, तोंड पडलेलं. नव्या माणसाला वाटायचं, घरातलं कुणीतरी गेलं. तो बिचारा जवळ जाऊन हळूच विचारायचा, "कोण होतं?" तर हे सुस्कारा सोडून म्हणायचे, "आपल्या घाऱ्या डोळ्याच्या पोरीचं तुटलं रे. धड वरीसभर नांदवली न्हाई भाड्यानं." ही घाऱ्या डोळ्याची पोरगी म्हणजे सिनेमातली, हे कळायला नव्या माणसाला दुपार उजाडायची. कळल्यावर तो पोट धरून हसायचा. आम्ही जुन्यांनी हसणं सोडून दिलं होतं.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. साखर कारखान्यात हेडक्लार्क. कारखाना कुठला ते सांगत नाही. बीड जिल्ह्यातला, सहकारी, आणि त्या वेळचे संचालक अजून ठणठणीत आहेत, एवढं पुरे. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. त्यामुळे मला पगार मिळायचा उसाच्या नोंदी करायचा आणि दिवस जायचा मुंबईकरांचे संसार ऐकण्यात. वर पुन्हा "तू लक्ष देत न्हाईस" म्हणून बोलणी.

गंमत म्हणजे अण्णा सिनेमा बघत नसत. केजचं टॉकीज त्यांनी आतून कधी पाहिलं नव्हतं. "काय बघायचं त्यात? समदं खोटं. तो रडतो ते खोटं, ती मरती ते खोटं. अन् मरून पुन्यांदा दुसऱ्या पिक्चरात नाचायला येती." खरी काय ती नटांची लग्नं. ती चारचौघांत झालेली असतात, भटजीनं लावलेली असतात, म्हणून तेवढाच भाग विचार करण्याजोगा. एखाद्यानं पडद्यावर गावभर गुंड लोळवले तरी अण्णांना त्याचं कौतुक नव्हतं. तो घरी बायकोला नीट बोलतो का आणि सासऱ्याच्या पाया पडतो का, ते सांगा.

बातम्या त्यांना दोन ठिकाणांहून मिळत. एक, केजच्या न्हाव्याच्या दुकानात पडलेली जुनी साप्ताहिकं. दोन, आमच्या कॅन्टीनमध्ये भज्यांखाली येणारा कागद. अण्णा आधी कागद वाचत आणि मग भजी खात. तेल प्यालेला मजकूर उजेडाला धरून ते असा काही वाचत की कॅन्टीनवाला म्हणायचा, "अण्णा, भजी थंड झाली, दुसरी देऊ का?" ते म्हणायचे, "भज्याचं काय घेऊन बसलास, हिथं दोन लेकरांची आई घराबाहेर काढली."

कागद जुने असल्यामुळे अण्णांचं दुःखही शिळं असायचं. एकदा एका जोडप्याचं पुन्हा जुळावं म्हणून त्यांनी सोमवार धरले, तेही बिनमिठाचे. तोवर तो हिरो दुसरं लग्न करून मोकळा झालेला आणि ती नटी कुणातरी व्यापाऱ्याचं घर सांभाळत परदेशात सुखात. मी ताजा पेपर पुढे टाकला. म्हटलं, "अण्णा, सोडा आता उपास. बारसं व्हायची वेळ आलीय." त्यांनी पेपर बाजूला सारला. "माझ्यापतूर जवा येईल तवा बघू," म्हणाले, आणि उरलेले सोमवार केले.

आणि भाषा सगळी आपल्या चावडीवरची. एखाद्या नटीनं दुसरं लग्न केलं की "तिनं पाट लावला." हिरोनं केलं की "सवत आणली डोक्यावर." इंग्रजी शाळेत शिकलेली, विमानातून फिरणारी ती माणसं अण्णांच्या तोंडी आली की थेट शिरूर-केजकडची होऊन जायची. एका प्रसिद्ध नटीला त्यांनी बहीण मानलं होतं. तिला अर्थातच पत्ता नव्हता. पण त्या नात्यानं तिचा नवरा अण्णांचा दाजी झाला, आणि त्या दाजींचं एका नव्या पोरीबरोबर नाव निघालं तेव्हा अण्णा टॉकीजबाहेरच्या त्याच्या पोस्टरपुढे उभे राहून म्हणाले, "दाजी, हे बरं न्हाई." गेटवरच्या माणसानं विचारलं, तिकीट पाहिजे का? अण्णा म्हणाले, "ह्या घरचं पाणी बी प्यायचं न्हाई आता."

असं मोठं काही झालं की जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बैठक बसे. सोडचिठ्ठीला बसतात तशी. अण्णा पंच. अकाउंटंटला मुलाकडचा करायचे, मला मुलीकडचा. मला म्हणायचे, "बोल, तुझ्या पोरीचं काय म्हणणं हाय?" आता त्या पोरीचं काय म्हणणं आहे हे मला बापजन्मी कसं कळणार? पण नाही बोललं तर अण्णा दिवसभर फाईल पुढे सरकवत नसत. म्हणून मी आपलं काहीतरी ठोकून द्यायचो, की तो रात्री-बेरात्री येतो, घरात पैसा देत नाही. अकाउंटंट चिडून म्हणायचा, "तिलाच स्वैपाक येत न्हाई!" आणि एकदा आम्ही दोघं त्या दोन अनोळखी माणसांपायी खरोखर भांडलो, आठवडाभर बोललो नाही. असा तो सगळा येड्यांचा बाजार होता, आणि त्यातला एक मीही होतो.

गॅरेजमधले चाचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, तेवढे शहाणे. ते लांब उभं राहून बिडी ओढत ऐकत आणि शेवटी म्हणत, "अण्णा, वो दोनो उधर मजे में हैं. तुम इधर कायकू सुकते?"

अण्णा म्हणत, "चाचा, लगीन म्हणजे खेळ न्हाई."

"वो तो मालूम. पन तुम्हारा थोडीच है?"

बाकी आंघोळीचं प्रकरण दुष्काळात अंगाशी आलं. पाऊस दोन वर्षं पाठ फिरवून बसला होता. कॉलनीत प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हे गृहस्थ नटीच्या नावानं भरली बादली डोक्यावर ओततात म्हटल्यावर बायका धुणं बडवायची थापी घेऊन दारात आल्या. तेव्हा चाचांनीच तोड काढली. दुष्काळात नुसती चूळ भरली तरी सुतक फिटतं, असं कुठंतरी लिहिलंय म्हणाले. कुठं लिहिलंय ते अण्णांनी विचारलं नाही. तेव्हापासून ते चूळ भरू लागले.

आता एवढं ऐकल्यावर कुणीही विचारणार, ह्या माणसाचा स्वतःचा संसार कसा होता?

नव्हता. म्हणजे होता, पण शिरूर कासारला होता आणि अण्णा कारखान्याच्या कॉलनीत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, बऱ्याच वर्षांमागे पंचमीला माहेरी गेल्या होत्या. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आणि परत येतात. वहिनी परत आल्या नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. अण्णांच्या आईनं दुसरी करायचा लकडा लावला होता. अण्णा आईला हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. खाली मान घालून भाकरी खात राहिले. ते बघून वहिनी जाताना एवढंच म्हणाल्या म्हणे, "तुमचं काय ते ठरलं की न्यायला या."

मग सुरू झालं मानापमानाचं. अण्णांच्या आईचं म्हणणं, ती आपल्या पायानं गेली, तिच्या भावानं आणून सोडावी. भावाचं म्हणणं, बहीण काय ओझं आहे का आणून टाकायला, नवऱ्यानं न्यायला यावं. दोन्ही घरं आपापल्या उंबऱ्यावर हटून बसली. नंतर आई वारली. दुसरी बायको आली नव्हतीच. आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तरी अण्णा गेले नाहीत. विचारलं की म्हणत, "बघू की. पंचमी होऊ दे." पंचमी दरवर्षी होत होती.

मला त्यांचा राग यायचा तो ह्याच्यासाठी. त्यांच्या त्या बैठकांमध्ये कोणताही तंटा असो, अण्णांचा निवाडा एकच असायचा: "त्यानं तिला न्यायला जायाला पायजे होतं." अमक्या हिरोनं चूक काय केली? न्यायला गेला नाही. तमक्याचा संसार कावून मोडला? न्यायला गेला नाही. मुंबईतल्या मुंबईत, मोटारीनं जायचं अंतर, तरी गेला नाही! हे बोलताना त्यांचे डोळे भरून यायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "अण्णा, शिरूरला जीप जाते म्हणतात." त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि उसाच्या बेण्याच्या फाईलीत तोंड घातलं. ती फाईल उलटी होती.

माझं लग्न जमायच्या वेळीही त्यांनी हेच केलं. मुलगी बघायला केजला गेलतो. वडिलांना बरं नव्हतं, म्हणून वडीलधारे म्हणून अण्णांना नेलं. दुर्बुद्धी, दुसरं काय. मुलीचे वडील मास्तर. पोहे आले, नाव-गाव विचारून झालं. अण्णा घसा साफ करून मुलीला म्हणाले, "समजा उद्या तू रुसून माहेरी आलीस, तर कुणी कुणाकडं जायचं? हे आजच ठरवून घ्या. मागनं लई तरास होतो." मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "ज्याला करमणार न्हाई, तो येईल." अण्णांनी बशीतले उरलेले पोहे संपवले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला म्हणाले, "पोरगी चांगली हाय. हो म्हण." मी हो म्हटलं. त्या बाबतीत त्यांचे उपकार आहेत, ते नाकारत नाही.

मग आलं ते बॉयलरच्या पूजेचं वर्ष.

कारखाना सुरू करायच्या आधी बॉयलर पेटवतात. त्याची पूजा जोडप्यानं करायची असते, शेजारी शेजारी पाटावर बसून, उपरण्याला पदर बांधून. दरवर्षी कुणातरी संचालकाला सपत्नीक मान मिळायचा. त्या साली पावसाअभावी उसाची पार चिपाडं झालेली. हंगाम महिनाभर तरी चालेल का, ह्याची शंका. आणि संचालकांत मात्र दोन गट पडून भांडण कशावरून, तर कुणाची बायको पाटावर बसणार! जिल्ह्याला पाणी नाही, पण ह्यांना पाट पाहिजे. शेवटी चेअरमनसाहेबांनी डोकं लढवलं. कुठल्याच गटाचं नको, बाहेरचं जोडपं आणू. आणि त्यांनी मुंबईहून एक हिरो आणि हिरोईन बोलावली.

त्या दोघांनी कितीतरी मराठी चित्रपटांत नवरा-बायकोचं काम केलं होतं. गरिबीत संसार करणारे, एकमेकांना घास भरवणारे, ती आजारी पडली की तो देवळात डोकं आपटणारा. आमच्या भागात सगळ्यांची पक्की खात्री, की ही नवरा-बायकोच आहेत. चेअरमन, त्यांच्या मिसेस, सगळं संचालक मंडळ, कामगार, सभासद, कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. चेअरमनबाईंनी तर हिरोईनच्या ओटीत घालायला सौभाग्यवाणाचं ताट सजवून ठेवलेलं. एकट्या अण्णांना ठाऊक होतं. पण अण्णांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडं नारळांचं ताट धरायचं काम होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हिरोच्या नाकात धूळ जाऊ नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलं. बायका हंडे घेऊन त्या ओल्या मातीकडे बघत उभ्या होत्या. चेअरमन भाषणात म्हणाले, सहकार म्हणजे त्याग. मग गाडी आली, टाळ्या झाल्या, पोरं झाडावर चढली. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांतली माणसंही बिऱ्हाड गाडीवर ठेवून बघायला थांबली होती. गुरुजींनी माइकवरून सांगितलं, "जोडप्यानं पाटावर बसावं."

हिरोला सवय. पडद्यावर अशा पूजा त्यानं पुष्कळ केलेल्या. तो बसला. हिरोईननं जरा इकडं-तिकडं पाहिलं, आणि एवढे लोक बघतायत म्हणून तीही बसली. गुरुजींनी तिचा पदर घेतला, त्याचं उपरणं घेतलं.

"गाठ मारू नका!"

अण्णा. नारळाचं ताट हातात, आणि आवाज असा की गुरुजींच्या हातातून पदर सुटला.

चेअरमन दातओठ खात म्हणाले, "अण्णा, गप बसा."

"कसं गप बसू साहेब? हे जोडपं न्हाई. ह्यांची बायको येगळी हाय. दोन लेकरं हायत. चांगल्या घरची बाई हाय. ह्या बाईंचा नवरा बी येगळा हाय. देवापुढं असलं चालत न्हाई."

माइक चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. हिरोईन झटक्यात उठली. "काका बरोबर बोलतायत," म्हणाली. "हा फोटो पेपरात आला असता तर घरी मलाच उत्तर द्यावं लागलं असतं." बाई समजूतदार होती. हिरो मात्र बसूनच राहिला. प्रवासानं दमलेला, चेहऱ्यावरची पावडर घामानं उतरलेली. तो अण्णांना म्हणाला, "तुम्हाला माझ्या घरचं बरंच माहितीय की काका. पण एक राहिलं. ती घरी नाहीये. माहेरी गेलीय, बरेच महिने झाले."

हे अण्णांपर्यंत आलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. आणि मग त्यांच्या तोंडून जे बाहेर पडायचं तेच पडलं, तेही माइकवर: "मग न्यायला कावून गेला न्हाईत?"

हिरो जरा हसला. तिरकं नाही, खरोखर थकलेलं हसला. "तुमच्या मिसेस कुठायत? बोलवा त्यांना. तुम्ही दोघं बसा पूजेला, मी आनंदानं नारळ धरतो."

कारखान्याच्या माणसांनी खाली बघितलं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं ना. तेवढ्यात टोळीतली एक बाई, काखेत लेकरू, साध्या भाबड्या सुरात मोठ्यानं बोलली, "अवो, त्येंची बी माहेरालाच हाय की! आमच्या शिरूरला. आमच्याच आळीला."

तिनं मुद्दाम नाही केलं. विचारलं म्हणून सांगितलं. पण सगळं मैदान हसलं. झाडावरची पोरं हसली, दोन्ही गटांचे संचालक पहिल्यांदा एकदिलानं हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात अण्णांकडे नजर गेली. त्यांनी ताट खाली ठेवलं. वरचा नारळ गडगडत गेला तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

पूजा झाली, नाही असं नाही. बायको हजर नसली की पुरुषानं कमरेला सुपारी खोचून पूजा करायची रीत आहे. आमच्या चेअरमननी ती केली. चेअरमनबाई जरीचं लुगडं नेसून समोर उभ्या, आणि साहेबांच्या कमरेला सुपारी. खरी बायको बसवली असती तर दुसरा गट सभात्याग करणार होता. बाईंच्या तोंडाकडे त्या वेळी बघवत नव्हतं.

अण्णा काही दिवस कामावर आले नाहीत. आले नाहीत तर ऑफिसात किती शांत वाटेल असं मला वाटायचं. वाटलं नाही. अकाउंटंट दोनदा येऊन रिकाम्या खुर्चीकडे बघून गेला. मग एका सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात उभे. दाढी केलेली, पांढरा सदरा, हातात पिशवी. त्यातून लुगड्याचा काठ दिसत होता.

"सुट्टी काढ आजच्याला," म्हणाले. "शिरूरला जायचंय."

टोपी घातली आणि निघालो. यष्टीनं बीड, तिथून जीप. ह्या माणसानं आयुष्यभर तोंडाला खळ पाडली नव्हती, आणि त्या वाटेवर तो पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत बसला. एकदाच विचारलं, "ती काय म्हणंल रे?" म्हटलं, "अण्णा, निवाडे तुमी करता, मी नुसता मुलीकडचा." त्यांना हसू आलं नाही, आणि मलाच माझ्या बोलण्याची लाज वाटली.

वहिनींच्या माहेरचं घर स्टँडवरूनच दिसत होतं. जीप थांबते तिथून समोर ओटा. वहिनी ओट्यावर सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. भाऊ-भावजय तोडीला गेलेले, घरात म्हातारी आई आणि भावाची पोरं, सगळं ह्यांच्या अंगावर. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत, दचकल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला. "या. बसा." तांब्यात पाणी आणलं, तेही अर्ध्यावर. "जपून प्या भाऊ. टँकर यायचाय अजून."

अण्णा उभेच. पिशवी हातातच. "चल घरी," म्हणाले. "न्यायला आलोय."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "कशानं आलात?"

"यष्टीनं बीड. म्होरं जीपनं."

"ही जीप नवी सुरू झाली का?"

अण्णांना कळेना. "न्हाई. जुनीच हाय की."

"रोज येती ती," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. "सकाळी येती, दुपारी येती. म्या हितंच बसती. कोण कोण उतरलं, रोज बघती."

मी त्या जीपकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठं बघायची सोय नव्हती.

अण्णा चाचरत म्हणाले, "आई म्हणायची, तुझ्या भावानं आणून..."

"आत्याबाई माती झाल्या. त्येंचं नाव कशाला घेता? मुंबैच्या बायांची वकिली करता म्हणं तुमी. तोडीवरच्या बाया येऊन सांगत्यात. मला गंमत वाटायची. म्हणायची, चांगलं हाय, बायामाणसाचं दुःख कळतंय ह्येंला." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी खरं सांगा. ह्ये आपनहून आले का तुमी धरून आणलं?"

मी तोंड उघडलं, पण अण्णाच बोलले. "एकल्याला धीर झाला न्हाई. म्हणून ह्येला संगं घेतलं. दोनदा निघालतो. बीडच्या स्टँडवरनं माघारी गेलो. त्या दिवशी समदे हसले, त्येचं काय न्हाई. पण तो हिरो बायकूबिगर बसला व्हता पाटावर, तसा मी दिसलो मला. चुकलं माझं. पहिल्याच पंचमीला यायला पायजे होतं."

एवढी वर्षं अण्णांच्या तोंडून संसारावर बोललेलं ऐकत होतो. स्वतःच्या संसारावर बोललेलं ते पहिलंच.

वहिनींनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. सुपातला एक खडा वेचला आणि बाहेर टाकला. "मग ही बारी धरायची न्हाई," म्हणाल्या. "पुढल्या बारीला एकले या. तवा बघू."

बस. उठून आत गेल्या, चहा आणला. गुळाचा, बिनदुधाचा. परतीच्या जीपचा भोंगा वाजला तसे आम्ही उठलो. लुगड्याची पिशवी अण्णांनी ओट्यावर ठेवली होती. ती वहिनींनी उचलली नाही आणि परतही दिली नाही.

जीप गच्च भरलेली. अण्णांनी मला मागच्या फळकुटावर ढकलून बसवलं, आणि स्वतः खालीच उभे राहिले.

"चला की अण्णा, जागा होईल."

"तू जा."

"आन् तुमी?"

"तू गेलास का मी एकलाच उरतो की न्हाई?"

मी कपाळावर हात मारला. "अण्णा, ह्याला एकले आले म्हणत न्हाईत."

"तुला काय कळतंय बे," म्हणाले. "न्हाई म्हणाली तर जाईन उद्याच्या जीपनं. अन् परवा येईन. साहेबाला सांग, माझी रजा लाव."

जीप हलली. अण्णा रस्ता ओलांडून ओट्यापाशी गेले आणि पायरीखाली उभे राहिले. वर चढायचं धाडस होईना. वहिनी दारात आल्या. दोघं बोलत होती की नाही ते मला ऐकू येईना. मी मान मोडेपर्यंत मागे वळून बघत होतो. तेवढ्यात समोरून टँकर आला, आमची जीप त्याला वाट द्यायला थांबली, आणि सगळ्या आळीतल्या बाया हंडे-घागरी घेऊन धावत सुटल्या. त्या गलक्यात वहिनींचा आवाज मात्र मला स्वच्छ ऐकू आला.

"नुसते उभे काय राहिलात? तो हांडा घ्या अन् पळा म्होरं, नंबर जाईल आपला!"